पहिल्या रांगेतले घर

आमचे मापन भाद्रपदात आले, ही गोष्ट मी तेव्हाच कोणाला तरी सांगायला हवी होती. सांगितली नाही, कारण ती मला महत्त्वाची वाटलीच नाही. चाळीस वर्षे मी मिरजेच्या एका वाचनालयात पुस्तकांची सूची केली. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात जाते एवढे मला कळे. माणसांच्या बाबतीत ते कधी नीट जमले नाही.

आम्ही राहत होतो ती भाड्याची इमारत पाडायला निघाली होती. माझे वय शहात्तर, माझ्या बायकोचे, राजमतीचे, बहात्तर. मूलबाळ नाही. आम्हाला दोन खोल्या हव्या होत्या, दवाखाना जवळ हवा होता आणि पिशवी उचलून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बाजार हवा होता. मिरज दवाखान्यांचे गाव आहे. पण दवाखान्याजवळच्या खोल्या बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांना दिवसाच्या भाड्याने जातात. निवृत्तिवेतनात बसेल असे तिथे काही उरलेले नव्हते. उरला होता तो फक्त निकट न्यास.

न्यासाची कल्पना साधी होती. माणूस एकाएकी कोसळला असे आपण म्हणतो, पण शरीर एकाएकी काही करत नाही. कोसळण्याच्या कित्येक महिने आधी दोन पावलांतले अंतर बोटभर कमी होते. खुर्चीतून उठायला अर्धा सेकंद जास्त लागतो. बोलताना वाक्याच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो. घरच्यांना यातले काही दिसत नाही, कारण ते रोजच बघत असतात. मनगटावरचा एक पट्टा आणि पलंगाशेजारी अंथरलेली पातळ चटई यांना मात्र ते दिसे. लाखो वृद्धांच्या अशा नोंदी आणि पुढे त्यांचे काय झाले याच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून एक गणित तयार झाले होते. दहा दिवसांच्या मापनावरून ते सांगे, की पुढच्या दीड वर्षात या माणसाला घाईने दवाखान्यात न्यावे लागण्याची शक्यता शंभरात किती. त्या आकड्याला निकटांक म्हणत.

उशिरा आणलेल्या रुग्णाला वाचवण्यापेक्षा त्याला आधीच दवाखान्यासमोर आणून ठेवणे स्वस्त पडते, असा न्यासाचा हिशेब होता, आणि तो खरा असावा. ज्याचा निकटांक साठच्या वर, त्याला दवाखान्याच्या फाटकासमोरच्या इमारतींत नाममात्र भाड्याने घर मिळे. त्या इमारतींना लोक पहिली रांग म्हणत. बाकीच्यांसाठी दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला मोठी वसाहत होती. तिथे हवा चांगली होती आणि एकच दुकान होते. जोडप्याच्या बाबतीत ज्याचा आकडा मोठा तो धरला जाई.

मला पहिली रांग हवी होती. कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. माझे थोरले भाऊ रिक्षात गेले. दवाखाना समोर दिसत होता आणि रेल्वेचे फाटक बंद होते. मालगाडी फार लांब होती. त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते. त्याला एकोणीस वर्षे झाली, पण तेव्हापासून छातीत साधा वायू धरला तरी मी आधी मनात रस्ता मोजू लागतो. राजमतीला हे माहीत होते. तिने त्यावर कधी चर्चा केली नाही.

पट्टे बांधायला न्यासाच्या कोरेबाई घरी आल्या. पन्नाशीच्या, शांत. त्यांनी आजार विचारले, औषधे विचारली, झोप विचारली.

"आहार?"

"शाकाहारी," मी म्हणालो. मग अपुरे वाटले म्हणून पुढे म्हणालो, "सूर्यास्तापूर्वी जेवतो आम्ही."

"तसा रकाना नाही, काका," त्या हसून म्हणाल्या.

मी सगळे नीट सांगितले, असे मला वाटले. तो दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीचा होता. आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस. राजमती लग्न झाल्यापासून या दहा दिवसांत एकाशन करते: दिवसातून एकदाच, एकाच बैठकीला जेवण आणि पाणी. चतुर्दशीला तेही नाही. त्या दिवशीही ती सकाळी बस्तीत जाऊन, म्हणजे आमच्या मंदिरात जाऊन, नियम घेऊन आली होती. आपल्या घरात दरवर्षी घडते ते कोणाला सांगायची बातमी असते, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

शेजारच्या हिंदुराव मान्यांना मात्र सगळे ध्यानात आले होते. ते एसटीत ड्रायव्हर होते. पट्टा बांधल्यापासून ते व्हरांड्यात पाय ओढत फिरू लागले.

"सर, तुम्ही असं पंचविशीतल्यावानी चालला तर डोंगराकडं जाशीला," ते मला म्हणाले. "पाय वढा जरा."

"मला ते नीट जमणार नाही."

"त्यात काय जमायचंय? म्हातारं व्हायचंय फकस्त."

आतून त्यांच्या बायकोचा, शेवंतावहिनींचा आवाज आला. "अवो, सकाळी डावा वढत हुता. आता उजवा वढायलाय."

हिंदुरावांनी खाली पाहिले आणि पाय बदलला.

निकाल पंधरा दिवसांनी आला. हिंदुराव एकोणतीस. खरे दुखणे पावलागणिक थोडे बदलते, सोंग मात्र एकसारखे असते; यंत्राने ती पावले सरळ वगळली होती. "तीस वर्षं घाटातनं गाडी नेली," ते म्हणाले, "पर ह्या पट्ट्यानं बाजूला घ्यायला लावली." माझा आकडा चौतीस होता. राजमतीचा सहासष्ट.

तिने कागद दोनदा वाचला. "मला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हते. तीन दिवस मी तिच्याकडे चोरून पाहत होतो. चौथ्या दिवशी कागदामागचा आलेख उलगडून बसलो. तिची रेघ पंचमीपासून खाली उतरत गेली होती आणि चतुर्दशीला तळाशी टेकली होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याच तारखांना तिने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

ती भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो.

"अगं, हे एकाशनामुळं आलंय."

"एकाशन तर मी शेहेचाळीस वर्षं करते."

"यंत्राला ते माहीत नाही. त्याला वाटलं, तुझं शरीर उतरतंय."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले. "मग सांगणार त्यांना?"

"सांगायला हवं."

"सांगा की." भाकरी उलटून झाल्यावर ती म्हणाली, "इथलं घर सोडायला अठरा दिवस राहिलेत, तेवढं ध्यानात ठेवा."

मी न्यासाला पत्र लिहायला घेतले. पहिले फार लांबले. दुसऱ्यात राजमतीने काही लबाडी केली असा सूर येत होता, जो खोटा होता. तिसरे बरे होते. ते मी एका शब्दकोशात ठेवले आणि आम्ही पहिल्या रांगेत राहायला आलो.

तिसरा मजला. खिडकीतून दवाखान्याचे फाटक दिसे. खाली भाजीबाजार, पिठाची गिरणी, औषधांची तीन दुकाने. फाटकापर्यंत तीनशे बारा पावले होती. पहिल्या आठवड्यात मी ती चार वेळा मोजली. मग मोजणे थांबले. अंथरुणावर पडल्यावर रस्ता आठवेनासा झाला. एकोणीस वर्षांनी मी सकाळपर्यंत न उठता झोपलो. आमच्या जागी इथे दुसरे कोणीतरी असायला हवे होते, हे मला माहीत होते. त्याचे नाव मला माहीत नव्हते, त्यामुळे ते फारसे टोचत नसे.

पर्व कधीच संपले होते, पारणेही झाले होते. राजमतीचे संध्याकाळचे ताट मात्र परत आले नाही. ती मला वाढून समोर बसे.

"तू?"

"भूक नसते हल्ली."

सहा महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी फेरमापन होणार होते. त्यात आकडा साठच्या खाली आला तर महिन्याभरात घर सोडावे लागे. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवल्या नाहीत. न ठेवणे सोयीचे होते, असे आता वाटते.

डोंगराकडे राहायला गेलेले हिंदुराव मंगळवारी वसाहतीच्या गाडीतून बाजाराला येत आणि आमच्याकडे चहाला थांबत. गाडीला चालक नसे. "वळणावर आपसूक हळू हुती, आडवं कुत्रं आलं तर थांबती," ते सांगत. "समदं चांगलं हाय. पर डायवरच न्हाई, मग शिवी कुणाला घालायची?" मग राजमतीकडे बघून म्हणत, "वहिनी, तुमी तर माझ्यापेक्षा टणक दिसताय. ह्यो आकडा कुठनं पैदा केला? आमास्नी बी पत्ता द्या." ती हसे. मी कपातल्या चहाकडे बघत बसे.

पौषात ते गेले. सकाळी नऊ वाजता, दाढी करताना कोसळले. मी सांत्वनाला वसाहतीत गेलो तेव्हा शेवंतावहिनी पायरीवर बसल्या होत्या. रडून झाले होते.

"गाडी येळेवर आली हो," त्या म्हणाल्या. "कुणाची चूक न्हाई. रस्ताच लांब."

गाडीत ते शुद्धीवर होते. वळण आले की सांगत होते, आता गियर बदलायला पाहिजे. नवव्या मैलाच्या आसपास बोलायचे थांबले.

घरी येऊन मी हे राजमतीला जसेच्या तसे सांगितले. सांगायला नको होते. तिने माझ्यापुढे ताट ठेवले, पेल्यात पाणी ओतले आणि माझा हात मनगटाशी धरून ठेवला.

"तुम्ही इथं आहात," ती म्हणाली.

फाल्गुनात फेरमापनाचा पट्टा आला. आदल्या दिवशी ती बस्तीतून आली आणि म्हणाली, "अष्टाह्निकेचा नियम घेतलाय." अष्टाह्निका हे आठ दिवसांचे पर्व वर्षातून तीनदा येते आणि फाल्गुनातही येते, हे खरेच. पण इतक्या वर्षांत तिने त्यात कधी एकाशन केले नव्हते. हे मला माहीत होते आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होते. व्रताला नाव होते, म्हणून मी गप्प बसलो. आकडा एकोणसत्तर आला.

पुढचे मापन ज्येष्ठात. ज्येष्ठात काहीच नव्हते. पहिल्या दिवशी तिने दुपारी एकदा जेवून भांडी घासून पालथी घातली.

"हे कोणतं व्रत?" मी विचारले.

"नियम आहे."

"कुणापुढं घेतलास?"

तिने ओट्यावरचे पाणी पुसले. "तुम्हाला झोप लागते ना आता?"

झोप लागत होती.

त्या दहा दिवसांत मी प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले. यंत्र जे पाहत होते तेच, पण मला उशिरा दिसले. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. दोन किलोची पिशवी ती गिरणीपाशी खाली ठेवून थांबत होती. वाचनालयात जाऊन मी शरीरशास्त्राचे एक पुस्तक काढले. त्यात लिहिले होते, की अन्न कमी पडले तर तरुण शरीर आधी चरबी वापरते. म्हाताऱ्याच्या शरीरात मात्र चरबीच्या बरोबरीने स्नायूही झपाट्याने जातो, आणि सत्तरीनंतर गेलेला स्नायू खाऊन सहसा परत येत नाही. ते 'सहसा' मी पुष्कळ वेळ बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी न्यासाच्या कचेरीत गेलो. चार वेळा कचेरीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो होतो, हा पाचवा. कोरेबाईंनी बसायला सांगितले. मी भाद्रपदापासून सगळे सांगितले. मध्ये मध्ये वाक्ये चुकली. त्यांनी दुरुस्त केली नाहीत.

"काका, यंत्राला कारण लागत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "माणूस आजारानं उतरला की उपासानं, रेघ तीच येते."

"पण घर खोट्या आकड्यावर मिळालंय."

"तुम्ही खोटं कुठं बोललात? मी विचारलंच नाही." त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "विशेष मापन मागता येतं. दहा दिवस काकूंनी दोन्ही वेळ नीट जेवायचं. साठच्या खाली आला तर मात्र मी काही करू शकणार नाही. डोंगराकडं जावं लागेल. विचार करून सांगा."

मी तिथेच सही केली. विचार केला असता तर केली नसती. मला पहिली रांग नको होती. म्हणजे हवी होती, पण राजमती दुपारी एकदा जेवून भांडी पालथी घालते ते बघवत नव्हते.

घरी सांगितल्यावर राजमती चिडली नाही. "मला विचारलं असतंत तर," एवढेच म्हणाली. मग म्हणाली, "तिथं रात्री तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"बघू."

"बघू म्हणे. पोटात गॅस धरला तरी घड्याळ बघणारा माणूस."

"दहा दिवस जेव," मी म्हणालो. "मी कधी काही मागितलं नाही."

हेही खरे नव्हते, पण ती कबूल झाली. तिने शब्द दिला की तो नियमासारखाच. सकाळी भाकरी, डाळ, वर तूप. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत पुन्हा. मी समोर बसे. पहिल्या दिवशी अर्ध्या भाकरीवर ती थांबली, भांड्यातले पाणी प्यायली आणि उरलेली अर्धी तुकड्या-तुकड्याने संपवली. औषध घेतल्यासारखी. तिसऱ्या दिवसापासून मी बाजारातून शेंगदाण्याचे लाडू आणू लागलो. खाली भाजीवाली म्हणाली, "काय काका, पाहुणे आलेत वाटतं." मी हो म्हणालो.

आकडा खाली जाणार याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती. नवव्या दिवशी राजमतीने जास्तीची भांडी काढून एका जुन्या चादरीत बांधली. कोश कोणते न्यायचे ते मला विचारले. वसाहतीत त्या एकाच दुकानात ज्वारी मिळते का, हे शेवंतावहिनींना फोन करून विचारून घेतले. वहिनी म्हणाल्या, "या की. मला बी सोबत हुईल." ऐकून मला थोडे बरे वाटले.

बाराव्या दिवशी मी कागद आणायला गेलो. कोरेबाईंनी तो लगेच दिला नाही.

"चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या.

मला वाटले त्या दुसऱ्या कोणाचा सांगत आहेत. "पुन्हा बघा."

"तीनदा बघितलं, काका."

"ती जेवत होती. दोन्ही वेळ. मी समोर बसलो होतो."

"हो, दिसतंय इथं. वजन नऊशे ग्रॅम वाढलंय." त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेले. "बाकी काही वाढलेलं नाही. उठायला लागणारा वेळ, पावलातलं अंतर, श्वास. आणि ठोक्यांत एक अनियमितपणा आलाय, तो आधीच्या मापनांत नव्हता." त्यांनी एका चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव लिहिले. "उद्याच दाखवा. घर कायम आहे, त्याची काळजी नको. तुम्हाला समोरच आहे."

मी आभार मानले. सवयीने मानले. बाहेर आल्यावर पावले मोजली नाहीत, पण घर आले. वर जाताना काही वाटेल असे वाटले होते. काही वाटले नाही. लिफ्टमध्ये एक बाई पालेभाजीची जुडी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी सांगितलेल्या मजल्याचे बटण मी दाबले.

राजमती बांधलेल्या भांड्यांशेजारी भिंतीला टेकून बसली होती.

"कधी निघायचं?"

"निघायचं नाही. घर राहिलं."

तिने माझ्याकडे पाहिले. मग तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. "जेवूनसुद्धा?"

"जेवूनसुद्धा."

"म्हणजे यंत्र चुकलं परत."

चिठ्ठी माझ्या खिशात होती. ती उद्या काढायची होती. आज काढली असती तरी फरक पडला नसता. मी हे सगळे एका वाक्यात सांगू शकलो असतो. तशी दोन-तीन वाक्ये मनात जुळवूनही पाहिली.

"चुकलं," मी म्हणालो.

"मी तुम्हाला तेव्हाच म्हणत होते, काय खरं असतंय त्यांचं." ती हसली आणि चादरीकडे वळली. "चला, लावून टाकूया परत. संध्याकाळच्या आत स्वयंपाक व्हायला पाहिजे."

तिने गाठ सोडायला घेतली. गाठ तिनेच मारली होती, फार घट्ट नव्हती. अंगठा आणि बोट दोनदा घसरले. तिने दातांनी टोक ओढून पाहिले आणि मग, जणू चादरच नाठाळ आहे अशा तऱ्हेने, ती माझ्याकडे सरकवली.

मी खाली बसलो आणि गाठ सोडली. सगळ्यांत वर तिचे ताट होते. ते मी पुसून तिच्या हातात दिले.